वर्षातून एक कप

फॉर्मवर दोनच चौकोन होते. हो आणि नाही.

प्रश्न होता, मद्यपान करता का? माझे वडील, चिंतामण गुरुजी, ऑगस्टातल्या त्या सकाळी बुलडाण्यातल्या एका खासगी दवाखान्यात बाकावर बसले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, पण ते पूर्ण शुद्धीवर होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, ही शिस्त त्यांनी मुलांना लावली तशी स्वतःलाही लावून घेतली होती. ते म्हणाले, "वाईन घेतो. वर्षातून एकदा, डिसेंबरात. एक कप."

एवढं लिहायला तिथे जागा नव्हती. लिहिणाऱ्यानं 'हो'वर खूण केली.

मी पुण्याहून पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बाबा बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. नंतर जे कागद हाती आले त्यांत वरच दोन ओळी होत्या. रुग्णाला मद्यपानाची सवय. शिडीवरून पडून डोक्याला इजा. दोन ओळी अशा एकापुढे एक ठेवल्या की वाचणारा मधे 'म्हणून' घालतोच. मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. न छापलेला शब्द कसा वाचला जातो, हे मला चांगलं माहीत आहे.

सप्टेंबरात मी त्या दवाखान्यात गेले. फॉर्म भरणारा माणूस सभ्य होता. त्याला बाबा आठवत होते. त्यांनी काय उत्तर दिलं होतं, ते त्यानंच मला सांगितलं. मी म्हटलं, मग हे वाक्य कागदावर घाला. तो म्हणाला, "मॅडम, पेशंटनं स्वतः हो सांगितलंय. आणि खरं सांगू का, एकच कप घेतो, असं सगळेच सांगतात."

मी त्याच्याशी भांडले नाही. अर्ज दिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

बाबांना ती वाईन मी दाखवली, हे आधीच सांगून टाकते. तेरा वर्षांपूर्वी मी वर्षभरासाठी जर्मनीत शिकायला होते. डिसेंबरात आई-बाबा आले. तिथे नाताळच्या आधी चौकात जत्रा भरते आणि मोठ्या पातेल्यांतून मसाल्याची गरम वाईन विकतात. थंडीनं बाबांची बोटं वाकत नव्हती. हात शेकायला म्हणून मी त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी आधी वास घेतला. "दालचिनी. लवंग. संत्र्याची साल. आणि ते काय, चक्रीफूल? अगं, हा तर आपला काढा!" मग प्यायले. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यातला तो त्यांचा पहिला कप होता. पुढे वर्षाला एक, असे बारा.

पुढच्या वर्षी त्यांनी ती घरी केली, आणि स्वतःसाठी केली नाही. आमच्या शेजारी सुचितामावशी राहतात, निवृत्त परिचारिका. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या चर्चमधली दहा-बारा मंडळी ढोलकी घेऊन गीतं म्हणत घरोघर फिरतात. बुलडाणा उंचावर आहे, डिसेंबरात तिथे दात वाजतात. ती मंडळी मावशींच्या अंगणात आली की बाबा कुंपणाच्या फाटकातून पातेलं घेऊन जायचे. प्रत्येकाला एक कप, बाबांना एक कप, पातेलं रिकामं. आईनं आधी नाक मुरडलं, मग साखरेऐवजी गूळ सुचवला. पातेल्यावर बाबा प्रयोगशाळेतल्यासारखी चिठ्ठी चिकटवायचे : 'वाईन, मसाल्याची. मुलांसाठी नाही.' आई म्हणायची, "काढा लिहा ना नुसतं. लोक काय म्हणतील?"

"काढ्यात वाईन नसते," बाबा म्हणायचे.

आई जाऊन सहा वर्षं झाली. चिठ्ठी लागतच राहिली.

बाबांच्या तेरवीला अंगणात माणसं बसली होती. कोणीतरी विचारलं, "गुरुजी पडले कसे?" बाबांचे धाकटे भाऊ उत्तमराव, माझे काका, याच गावात राहतात. दवाखान्यातले कागद त्यांनीच आणले होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद उलगडला, ती पहिली ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "आता काय बोलाचं. गेलेल्या मानसाबद्दल."

ते पुढे काही बोलले नाहीत, हे जास्त वाईट झालं. बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं धरून उभी होते. ते खाली ठेवून तिथे जायचं की आधी वाढायचं, हे मला ठरवता आलं नाही. मी वाढत राहिले. ती माझी चूक.

दोन महिन्यांत ते सगळीकडे पोचलं. दिवाळीच्या सुमारास बाबांच्या एका विद्यार्थ्यानं फोन केला. चांगला मुलगा, आता चिखलीला शिक्षक आहे. चाचरत म्हणाला, "ताई, सरांना काही त्रास होता का? म्हणजे मनाचा? आम्हाला कधी वाटलं नाही हो." सहानुभूती दाखवत होता बिचारा. त्याला मी सगळं सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "हो ना ताई, बरोबर आहे." त्याच्या आवाजावरून कळलं की मुलगी वडिलांना झाकते आहे, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं.

म्हणून मी ठरवलं की यंदाही पातेलं चढवायचं. त्याच घरात, त्याच दिवशी, दार उघडं टाकून. लपवायचं काही होतंच कुठे? यंदा ते झालं नाही, तर गाव म्हणणार, बघा, बाप पीत होता, गेल्यावर पोरीनं बंद केलं.

काकांना मी फोनवर तसं कळवलं.

"वरीसभर सन नसते आपल्यात," ते म्हणाले.

"नाताळ आपला सण आहे का, काका?"

"नाई."

"मग जो आपला नाही, तो आपण बंद कसा ठेवायचा?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "लय वाचते तू. म्हनून असं बोलते."

चोवीस तारखेला सकाळी अकरा वाजता मी दुकानात गेले. इकडे 'वाईन शॉप' म्हणजे सगळ्या विलायती दारूचं दुकान. त्यामुळे वाईन म्हटलं की लोकांना तीच दारू ऐकू येते. बाबांच्या उत्तराचं तेच झालं होतं. जाळीपुढे चार माणसं उभी होती. मला पाहून ती अशी बाजूला सरकली की जणू मी त्यांच्या घरी झडतीला आले होते.

दुकानदार कडूबा पन्नाशीचे, कानाला मफलर. "काय पाह्यजे, मॅडम?"

"वाईन."

"हाव. कोनती? व्हिस्की, रम?"

"वाईन. द्राक्षाची. लाल."

"ते कोनी नेत नाई इथं."

"पाटीवर तर वाईन शॉप लिहिलंय."

"ते तं नाव हाय," ते म्हणाले. "माह्यं नाव कडूबा हाय, म्हनून मी काय कडू हाव?" मागचा एकजण हसला. कडूबा मात्र माझ्याकडे निरखून पाहत होते. "तुम्ही गुरुजीची पोरगी का?"

मी मान हलवली. ते खाली वाकले आणि मागच्या फळीवरून कागदात बांधलेल्या दोन बाटल्या काढल्या. नाशिककडची लाल वाईन. "दिवाळीच्या पहिलेच मागवून ठेवतो मी. हर साल दोन. यंदा आल्यावर समजलं, गुरुजी गेले. वापस कराचं मन नाई झालं."

मी पर्समधून पैसे काढले. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "लोकं म्हनतेत, पिऊन पडले. खरं हाय का हे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटाचं काय काम? मले ठाऊक हाय!" ते एकदम चिडले. "या गावात कोन किती पेते, हे माह्याहून जास्त कोनाले ठाऊक राहीन? सालाच्या दोन बाटल्या. त्याबी ते दहा-बारा जनाले वाटत. चिठ्ठी करून आनत, वाईन दोन नग, खाली सही. पन मले कोन इचारते? दारूवाल्याची साक्ष कोन घेते? अन् जे बोलून राह्यले ना, त्यातले चार-पाच तं…" जाळीपुढच्या माणसांकडे त्यांची नजर गेली आणि ते थांबले. "जाऊ द्या. गिऱ्हाइकाचं नाव घेत नसतो मी. काळी पिशवी देऊ?"

"नको. अशाच द्या."

दोन्ही हातांत दोन बाटल्या धरून मी बाजारातून घरापर्यंत चालत आले. एरवी मी अशी माणूस नाही. ओळखीच्या तीन बायका दिसल्या. तिघींनाही मी थांबून नमस्कार केला.

दुपारी चारला पातेलं चढवलं. बाबांची कृती त्यांच्याच अक्षरात फ्रिजवर होती. वाटीभर पाण्यात गूळ, दालचिनी, लवंगा, दोन वेलच्या, एक चक्रीफूल, संत्र्याच्या सालीची पिवळी बाजू, पांढरी नाही. पाक दाटसर झाला की संत्र्यांचा रस, मग वाईन. सत्तर अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, उकळी तर नाहीच. त्यासाठी ते थर्मामीटर वापरायचे. मी तो पातेल्यात धरून उभी राहिले. चिठ्ठी लिहिली, चिकटवली. वास घरभर झाला तेव्हा मी पहिल्यांदा रडले. ऑगस्टपासून वेळच मिळाला नव्हता.

पाचला काका आले. पायरीवर चप्पल काढता काढताच त्यांना वास आला.

"करूनच राह्यली तू," ते म्हणाले.

"बसा, काका. चहा ठेवू?"

"चहा नको. हे बंद कर. आपल्याले या गावात तोंड दाखवाचं हाय. तू परवा पुन्याले चालली जाशीन. इथं कोनाले राहाचं हाय?"

"तोंड दाखवायला बाबांनी काय केलं होतं?"

"मी काही म्हनलो का? कागदावर लिहिलेलं हाय."

"तुम्ही वाचलंत ते."

"मंग? खोटं वाचलं? दादानं सोताच्या तोंडानं हो म्हनलं."

"त्यांनी अख्खं वाक्य म्हटलं होतं, वाईन घेतो, वर्षातून एकदा, डिसेंबरात, एक कप. तुम्ही बारा वर्षं पाहिलंय, या घरात काय व्हायचं ते. तुम्हाला त्या कागदाची गरज होती का?"

काका पातेल्यावरची चिठ्ठी वाचत राहिले. मी गॅस बंद केला, कारण थर्मामीटर पुढे सरकत होता आणि माझं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. सुचितामावशी आल्या, स्वेटरवर शाल. बाबा पडले तेव्हा आवाज ऐकून त्याच आधी धावल्या होत्या. रिक्षात बसवून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. काकांना पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"गार्गी, पातेलं चढवलंस का गं?" त्या म्हणाल्या. "मी तेच सांगायला आले. यंदा नको आणू. मंडळी म्हणाली, गुरुजींचं नाव आणखी खराब होईल. आणि आमच्याबद्दलही बोलतात ना लोक. यांनीच पाजली म्हणतात."

इतका वेळ सांभाळलेला माझा आवाज तेव्हा चढला. तो काकांवर चढला असता तर ठीक होतं. मावशींवर चढला.

"मावशी, बाबा फॉर्मवाल्याला काय म्हणाले, ते तुम्ही शेजारी उभं राहून ऐकलंत. तेरवीला तुम्ही इथेच अंगणात बसला होतात. कागद वाचला जात होता. तुमच्या अंगणात बारा वर्षं त्यांनी पातेलं आणलं. एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

मावशी खुर्चीवर बसल्या. "भ्याले," त्या म्हणाल्या. "दुसरं काय सांगू तुला? मला वाटलं, माझ्यासाठी करत होते, म्हणजे माझ्यामुळेच कागदावर ते आलं. मी बोलले असते तर सगळे माझ्याकडे वळले असते."

"मग आता वळू द्या."

त्यांनी शालीचं टोक दुमडलं. मग काकांकडे वळल्या.

"उत्तमराव, मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. पिऊन पडलेला माणूस मला दारातून ओळखू येतो. गुरुजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सकाळचे सव्वाआठ. तोंडाला चहाचा वास होता. नुसता चहाचा."

"मंग चढलाच काऊन तो?" काका ओरडले. "सत्तर वर्साचा मानूस! ओली शिडी! एकट्यानं टाकी धुवाले चढते का कोनी शुद्धीत?"

"तुमची वाट पाहून चढले."

मावशींनी त्यांच्यावरची नजर काढली नाही.

"साडेसातपासून अंगणात उभे होते," मावशी म्हणाल्या. "मी कुंपणाजवळ फुलं तोडत होते. दोनदा म्हणाले, उत्तम येतो म्हणालाय शिडी धरायला. फोनही लावला तुम्हाला."

मला हे माहीत नव्हतं. पाच महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. बाबांचा फोन कपाटात होता, तो उघडून पाहायचं मला सुचलं नव्हतं.

काका भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली जमिनीवरच बसले. "वाजला होता," ते म्हणाले. "उशाशीच होता. मी पाह्यला. म्हनलं, दादाले लय घाई राह्यते. जाईन नवाले." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मंग तो कागद भेटला. मले वाटलं… मी आलो असतो तरी पडलाच असता मंग. पेलेला मानूस."

अशा वेळी राग उतरायला हवा. मी वाचलेल्या पुस्तकांत तो उतरतो. माझा चढला. फोन न उचलणं ही कोणाकडूनही होणारी चूक आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी माझ्यापाशी येऊन सांगितलं असतं, तर मी त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले असते. पण त्यांनी आपली सुटका करून घेतली आणि त्यासाठी बाबांना दारुडा केलं, तेही अशा वेळी की बाबा पूर्ण वाक्यात उत्तर देऊ शकत नव्हते.

"पहिल्यांदा कोणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"आता काय त्याचं, पोरी…"

"कोणाला?"

"साखरखेर्ड्याले. भगवंतरावाले."

भगवंतराव म्हणजे साखरखेर्डा गावी राहणारे काकूंचे थोरले भाऊ. नात्यातल्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक तेरवीला हजर असणारा माणूस. त्यांना कळलं की सगळ्यांना कळलं.

"फोन लावा."

"आता?"

"आता. आवाज मोठा करा. मला आणि मावशींना ऐकू आला पाहिजे."

काकांनी मावशींकडे पाहिलं. मावशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पातेल्यातून एक कप भरून त्यांना दिला, आणि त्या काकांच्या डोळ्यांसमोर सावकाश प्यायला लागल्या.

फोन लागला.

"हालो, भगवंतराव. हाव, बरे हाव सगळे. ते… आमच्या दादाचं. मी तुमाले सांगतलं होतं ना, पिऊन पडला म्हनून. तसं नाई ते. चुकीचं सांगतलं मी."

"मंग?"

"टाकी धुवाले चढला होता. मी शिडी धराले जानार होतो. नाई गेलो."

"अरे बाप्पा. अन् ते कागदावरचं? दारूचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य त्यांना माहीत होतं.

"वाईन घेत होता दादा. वर्सातून एकदा. डिसेंबरात. एक कप."

फोनमधून मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. "म्हंजे पेत होते ना! मंग चुकीचं काय सांगतलं तुमी?"

काकांचा अंगठा फोन बंद करायला लाल बटणाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं.

"पुन्हा सांगा," मी म्हटलं.

त्यांनी घसा खाकरला. "भगवंतराव, हासू नका. आयका," ते म्हणाले, आणि सकाळी साडेसातपासून सांगायला लागले.